नऊ मीटरच्या बाजारपेठेचा हिशोब

गणपती आठ दिवसांवर आले की आमच्या घरात दरवर्षी तोच वाद होतो: बाजारात गाडी न्यायची की नाही. नेली तर लावायची कुठे, आणि नाही नेली तर चालायचं कुठून. माझ्या आत्यानं या वादातून अंग काढून घेतलंय. "मी काय येत नाय. तुम्हीच आणा काय ते," म्हणते आणि वाती वळायला बसते. बहात्तर वर्षांची आहे, पण गुडघे शाबूत. देवळाच्या पायऱ्या रोज चढते. तिला धास्ती आहे ती उभी गाडी आणि चालती गाडी यांच्या मधल्या हातभर जागेची.

मे २०२५ मध्ये या विषयावर एकाच महिन्यात दोन बातम्या आल्या. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी सांगितलं, की गाडी लावायला जागा असल्याचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय नवी गाडी नोंदवायची नाही, असं धोरण राज्य आणणार आहे. आणि सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पहिल्या बातमीवर नाक्यानाक्यावर भांडणं झाली. दुसरी बहुतेकांनी वाचलीच नाही. खरं तर दोन्ही बातम्या एकाच जमिनीच्या तुकड्याबद्दल होत्या.

रस्ता ही जमीन आहे

कोकणात जमिनीचा विषय निघाला की माणूस ताठ बसतो. वीतभर गडगा सरकला तर दोन पिढ्या कोर्टात जातात. पण रस्ता हीसुद्धा जमीन आहे आणि ती सगळ्यांच्या सामाईक सातबाऱ्यावर आहे, हे मात्र आपल्या डोक्यात येत नाही.

एक चारचाकी उभी करायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, जवळजवळ १३५ चौरस फूट. एवढ्याच मापाचा गाळा त्याच बाजारपेठेत भाड्यानं घ्यायला जा, म्हणजे त्या जागेची किंमत कळेल. गाळ्यातला माणूस भाडं भरतो, त्याच्या दारात दिवसभर उभी असलेली गाडी काहीच भरत नाही.

आता हिशोब करू. आपल्याकडच्या जुन्या बाजारपेठेतला रस्ता घ्या, कुठे ८ मीटर तर कुठे १०. आपण ९ धरू. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की प्रत्येकी २ मीटर गेले. उरले ५. समोरासमोरून दोन गाड्या यायच्या तर त्या ५ मीटरमध्ये कशाबशा बसतात. चालणाऱ्याच्या वाट्याला आला शून्य.

त्यातली एका बाजूची रांग काढून बघा. २ मीटर पार्किंग, ५.२ मीटर वाहनं, आणि १.८ मीटर फुटपाथ. बेरीज तीच, ९. हा १.८ चा आकडा मी हवेतून काढलेला नाही. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनं पादचाऱ्यांसाठी २०१२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात मोकळ्या चालण्याच्या जागेची किमान रुंदी तेवढी सांगितली आहे. समोरून येणाऱ्या माणसाला अंग चोरून वाट द्यावी लागू नये, एवढाच त्याचा अर्थ. रस्ता एकेरी केला तर दोन्ही बाजूंना फुटपाथ बसतो, एका बाजूला पार्किंगही राहतं. एकाही दुकानाची पडवी पाडावी लागत नाही.

फुकटची जागा सगळ्यात आधी का संपते

एसटी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारे आपण पाहिलेत. काहींनी ते पुण्यकर्म केलंय, त्यात मीही आलो. रुमालाला तिकीट लागत नाही, म्हणून रुमाल टाकला जातो. रस्त्यावरची फुकट गाडी म्हणजे चार चाकांचा रुमाल.

या विषयात 'टर्नओव्हर' असा शब्द वापरतात. एकाच जागेवर दिवसात किती वेगवेगळ्या गाड्या येऊन गेल्या, त्याची ती मोजणी. मालवणी खानावळीचा मालक हा शब्द न ऐकताही कोळून प्यालेला असतो. दहा टेबलं, बाहेर रांग, आणि कोपऱ्यातला एकजण सोलकढी संपवून अर्धा तास फोन बघत बसलाय. मालक काय करतो? हॉटेल वाढवत नाही. फडका घेऊन त्या टेबलाशी घुटमळतो.

बाजारपेठेत सकाळी दहाला लागलेली आणि रात्री आठला हललेली गाडी म्हणजे दहा तासांत एक गिऱ्हाईक. तीच जागा अर्ध्या-अर्ध्या तासानं मोकळी झाली तर वीस. जागा तेवढीच, उपयोग वीसपट.

मग ती मोकळी होणार कशी? अमेरिकेत डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते, २०२५ मध्ये वारले. त्यांनी आयुष्य याच प्रश्नाला वाहिलं होतं (माणसं आयुष्य कशाला वाहतील सांगता येत नाही). त्यांचं उत्तर सोपं होतं. पार्किंगचा दर असा ठेवा की शंभरातल्या साधारण ८५ जागा भरलेल्या राहतील. वीस जागांत सतरा भरलेल्या, तीन रिकाम्या. येणाऱ्याला जागा मिळते, आणि जागा शोधत बाजाराला तीन प्रदक्षिणा घालाव्या लागत नाहीत. त्या प्रदक्षिणा हीच गर्दीतली बरीचशी गर्दी असते.

हा दर हापूससारखा असावा लागतो. मार्चच्या पेटीचा आणि मेअखेरच्या पेटीचा भाव एक नसतो, आणि त्याला कोणी अन्याय म्हणत नाही. सॅन फ्रान्सिस्कोनं २०११ मध्ये हे करून पाहिलं. जिथे जागा भरलेल्या तिथे दर चढवला, जिथे ओस तिथे उतरवला. शेवटी शहराचा सरासरी दर किंचित उतरलाच.

"मग रस्ताच रुंद करा की!"

हा पहिला आक्षेप. रुंदीकरणाची नोटीस आली की काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जांभ्याच्या भिंती, माडीची कौलारू दुकानं, दारातला पिंपळाचा पार, सगळं खडूच्या खुणेनं अर्धं होतं. नुकसानभरपाईचे खेटे वेगळे. पण आत्ता तो हळवेपणा बाजूला ठेवू आणि फक्त उपयोग बघू.

घरात पोटमाळा बांधला की अडगळ कमी होते का? मोडकी खुर्ची, तुटका पाळणा, लग्नातले डबे, जे पूर्वी टाकलं असतं ते सगळं वर चढतं आणि दोन वर्षांत माळा गच्च. रस्त्याचं तसंच. रस्ता रुंद झाला की जो माणूस कालपर्यंत चालत किंवा रिक्षानं येत होता तो गाडी काढतो. अमेरिकेत ह्यूस्टनच्या केटी फ्रीवेचा विस्तार २००८ मध्ये पूर्ण झाला. काही ठिकाणी त्याच्या सगळ्या मिळून २६ मार्गिका झाल्या. काही वर्षांतच गर्दीच्या वेळी तिथून जायला लागणारा वेळ पुन्हा वाढू लागला. २६ मार्गिकांचं हे झालं, आपल्याला कोणी फार तर तीन मीटर वाढवून देईल.

केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात यावर एक सरळ तत्त्व आहे: वाहनं नाही, माणसं पुढे सरकली पाहिजेत. अमेरिकी शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेचा अंदाज असा, की साधारण तीन मीटरच्या पट्टीतून तासाला खासगी गाड्यांनी ६०० ते १,६०० माणसं जातात. तीच पट्टी फुटपाथ असेल तर ९,००० च्या आसपास. चतुर्थीच्या आदल्या दिवशी जुन्या पेठेत उभं राहिलं की या आकड्याला पुरावा लागत नाही.

"गिऱ्हाईक जाईल त्याचं काय?"

दुकानदाराची भीती खोटी नाही. त्याचं पोट त्यावर आहे. पण दारात उभी असलेली गाडी गिऱ्हाइकाचीच आहे, हे त्यानं एकदा तपासावं. पुष्कळदा ती त्याची स्वतःची असते, नाहीतर शेजारच्या बँकेतल्या साहेबाची.

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहराच्या जुन्या पेठेत हाच वाद झाला होता. पेठ पडीक झाली होती, दुकानदारांना पार्किंगचे पैसे घेणारे मीटर नको होते. शेवटी नगरपालिकेनं शब्द दिला: इथल्या मीटरचे पैसे इथेच खर्च होतील. १९९३ मध्ये मीटर लागले. त्या पैशांतून फुटपाथ दुरुस्त झाले, दिवे आले, झाडं लागली, रस्ते धुतले जाऊ लागले. पेठ पुन्हा भरली. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत कामाची कल्पना आहे. आपल्याकडे पार्किंगचा ठेका दिला जातो, पावती फाडणारा पोरगा दिसतो, आणि पैसा कुठे जातो ते कोणाला दिसत नाही. तोच पैसा त्याच रस्त्याच्या गटारावरच्या झाकणांत दिसला, तर पावतीवरून होणारी निम्मी हुज्जत थांबेल.

पुण्यानं मार्च २०१८ मध्ये पार्किंगचं धोरण मंजूर केलं आणि ते वर्षानुवर्षं कागदावर राहिलं. पैसे कोणाकडून घेणार यावर रान उठलं. पैसे कोणाच्या दारात खर्च होणार, हे लोकांच्या कानावर नीट गेलंच नाही.

"गरिबानं गाडी लावायलाही पैसे मोजायचे?"

गरीब चालतो आहे. एसटी स्टँडवरून डोक्यावर पाटी घेऊन येणारी मासेवाली, शाळेची पोरं, दवाखान्यात निघालेली म्हातारी, यांच्याकडे गाडी नाही. फुकट पार्किंगसाठी लागणारी जमीन मात्र त्यांच्याही वाट्याची आहे. दुचाकीचा प्रश्न वेगळा, कारण आपल्याकडे दुचाकी ही चैन राहिलेली नाही. तिला थोडका दर किंवा पहिला अर्धा तास फुकट, असं करता येतं. एका चारचाकीच्या जागेत चार-पाच दुचाकी बसतात, तेव्हा हिशोबानंही ते योग्यच.

आणि रस्त्याकडेला बसून गणपतीत कवंडळं, शेरवडाच्या जुड्या, फुलांच्या पुड्या विकणाऱ्या बायका? फुटपाथ मोकळा करायचा म्हटलं की पहिली गदा त्यांच्यावर येते, गाड्या तशाच राहतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नगर विक्रेता समितीमार्फत त्यांना जागा ठरवून द्यायची तरतूद आहे. एका गाडीच्या जागेत अशा तीन-चार बायकांचा धंदा होतो. गाडी तिथे काही विकत नाही.

फुटपाथ असतो, पण त्यावरून कोणी चालत का नाही

आमच्या भागात फुटपाथ म्हणजे बहुधा गटारावरच्या लाद्या. एक लादी हलते, दुसरी तुटलेली, तिसरी नाहीच. त्यावर कोणाची तरी जाहिरातीची पाटी आणि विजेचा खांब. उंची एवढी की आत्यानं चढायला कोणाचा तरी हात धरावा. प्रत्येक फाटकापाशी तो उतरतो, पुन्हा चढतो. पन्नास पावलांत चार चढ-उतार. माणूस कंटाळून रस्त्यावर उतरतो, आणि मग आपणच म्हणतो, बघा, फुटपाथ दिला तरी लोक वापरत नाहीत.

निकष सांगतो की फुटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, म्हणजे वितीपेक्षाही कमी. आणि दुसरी गोष्ट, जी नकाशावर छोटी दिसते पण पायाला मोठी लागते: घराचं फाटक आलं की फुटपाथ खाली आणायचा नाही, गाडीनं चढून यायचं. पायी चालणाऱ्याची वाट सपाट राहिली पाहिजे, अडचण झाली तर ती इंजिन असलेल्याला होऊ दे.

गंमत अशी, की हे शहाणपण आपल्याकडे होतं. कोकणातली पाखाडी आठवा. चिऱ्यांच्या किंवा दगडांच्या बांधीव पायऱ्या, डोक्यावर भारा घेतलेला माणूस धाप न लागता चढेल अशा बेताच्या, आणि पावसाचं पाणी बाजूनं निघून जाईल असा उतार. ती बांधणाऱ्यानं आधी माणसाचं पाऊल पाहिलं होतं. हल्ली कित्येक पाखाड्यांवर काँक्रीट ओतून उतार केलेत, बाईक जावी म्हणून. पावसात त्यावर शेवाळ धरलं की बाईकही जात नाही आणि माणूसही.

वेगाचाही इथेच विचार हवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटरवरून ६५ वर गेला तर तिची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचारपट होतो. ३० च्या वेगात बहुतेक माणसं वाचतात. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणून बाजारात, शाळेपाशी ३० ची मर्यादा हवी. नुसत्या पाटीनं ती पाळली जाणार नाही. झेब्रा पट्टाच फुटपाथच्या उंचीला आणला की गाडी आपोआप हळू होते, आणि चालणारा खाली न उतरता पलीकडे जातो. गतिरोधक आणि पादचारी पूल, दोन्हींचं काम एका उंचवट्यात.

चढ, पाऊस, घाम आणि सायकल

"पुण्यात ठीक आहे, इथे सायकल?" रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, एक रस्ता सड्यावर तर दुसरा खाडीला, आणि मे महिन्यातला घाम. आक्षेप रास्त आहे. सायकल हा कोकणातल्या प्रत्येकाचा उपाय नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पण सकाळी पोंय-पोंय भोंगा वाजवत येणारा पाववाला सिंधुदुर्गात किती वर्षं सायकलवरच येत होता? किनाऱ्याच्या सपाट भागात, मालवण, अलिबागसारख्या गावांत, घर ते शाळा, घर ते बाजार ही अंतरं सायकलचीच आहेत. चढासाठी आता बॅटरीची सायकल आहे. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग असेल तर तिला नोंदणीही लागत नाही आणि परवानाही. आपल्याकडे तिच्यासाठी वेगळा मार्ग आखण्याइतकी रुंदी सहसा नसते. गाड्यांचा वेग ३० वर आणला तर वेगळा मार्ग लागतही नाही. लागते ती बाजारात साखळी अडकवता येईल अशी एक लोखंडी दांडी आणि वर पत्रा. पाऊस असेल त्या दिवशी रिक्षा.

पाहुण्यांच्या गाड्या

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीसाठी जेटीवर जायचं असतं, आणि प्रत्येकाला गाडी पार समुद्राच्या पाण्याला लावायची असते. डिसेंबरअखेर आणि मे महिन्यात गावातल्या माणसाला स्वतःच्या दारातून निघायची चोरी. 'एवढ्या लांबून आलेला पाहुणा चालणार नाही,' असं म्हणतात.

माथेरानला चालतो की! रायगड जिल्ह्यातच आहे. दस्तुरीला गाडी लावायची आणि पुढे पायी, घोड्यावर, मिनी ट्रेननं किंवा आता ई-रिक्षानं. गाड्या नाहीत हेच तिथलं आकर्षण आहे. समुद्रकाठच्या गावांत तेवढी कडक बंदी कोणी मागत नाही. गावाच्या वेशीवर मोठं वाहनतळ, तिथून रिक्षावाल्यांच्या ठरलेल्या दराच्या फेऱ्या, आणि सावलीतून चालायची वाट, एवढं केलं तरी पुरे. रिक्षावाले सुरुवातीला विरोध करतील, नंतर त्यांचाच सीझन होईल.

पायी किती वेळ लागतो हे लोकांना ठाऊकच नसतं. स्पेनच्या वायव्य टोकाला पाँतेवेद्रा म्हणून खाडीकाठचं गाव आहे. भरपूर पाऊस, मासळी, जुनी दगडी पेठ. लोकवस्ती सुमारे ८३ हजार. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहर ७६ हजारांच्या आसपास होतं. १९९९ मध्ये तिथे मिगेल आन्शो फर्नांडेस लोरेस महापौर झाले आणि त्यांनी जुन्या पेठेतून गाड्या बाहेर काढायला घेतल्या. वेशीपाशी फुकट वाहनतळ, आत चालणं, वेग ३०. मग त्यांनी रेल्वेच्या नकाशासारखा एक नकाशा छापला: या चौकातून त्या चौकात पायी इतकी मिनिटं. लोकांना धक्का बसला, की आपण पाच मिनिटांच्या अंतरासाठी दहा मिनिटं जागा शोधत होतो. दुकानं ओस पडली नाहीत. पोरं एकटी शाळेत जाऊ लागली.

"आपल्याकडे हे चालणार नाही"

हा शेवटचा आक्षेप, आणि तो बहुतेकदा पोलीस किती उभे करणार, असा येतो. सम तारखेला इकडे आणि विषम तारखेला तिकडे, हा नियम पाळून घ्यायला माणूस लागतोच. पण फुटपाथच्या कडेला व्हीलचेअर जाईल एवढं अंतर सोडून खुंटे पुरले, तर माणूस लागत नाही. खुंटा रजेवर जात नाही आणि कोणाचा भाचाही नसतो.

आणि पैशाच्या आधी मोजणी. मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमात पार्किंगच्या जागा ठरवायची तरतूद आहेच. त्या ठरवायला आधार मात्र हवा. त्यासाठी सल्लागार कंपनी नेमायला नको, कॉलेजची चार मुलं पुरतात. खडूनं रस्त्याचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यायचा, आणि सकाळी नऊ ते रात्री आठ, दर अर्ध्या तासाला उभ्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे वहीत लिहायचे. कुठली गाडी किती तास हलली नाही ते संध्याकाळी समोर येतं. एक मोजणी साध्या सोमवारी, दुसरी आठवड्याच्या बाजाराला, तिसरी चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी. त्याच वेळी एकानं कोपऱ्यावर बसून पायी जाणारी माणसं मोजायची. ती आजवर कोणी मोजत नाही, म्हणून नकाशात येत नाहीत.

यंदा शनिवारच्या त्या कोपऱ्यावर मी बसणार आहे. आत्याला सांगितलं, तर म्हणाली, "मला धर त्यात. नाही आलेली म्हणून."